15 वर्षांच्या मुलासाठी फिटनेस बँड: 4 महिने वापरून

मुलाच्या मानेवर मागे काळपट जाडसर पट्टा दिसायला लागला, आम्ही मळ समजून घासत बसलो, डॉक्टरांनी मात्र बघूनच सांगितलं की हे इन्सुलिन रेझिस्टन्सचं (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) लक्षण असू शकतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तातली साखर सांगणारी तपासणी) 5.8 टक्के आलं, 5.7 पासून प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी धरतात. घाबरूनच गेलो आणि त्याच आठवड्यात हा बँड घेतला.

स्टेप्सचं कौतुक 15 दिवस टिकलं. या वयात रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, ते नुसत्या पावलांवरून कळत नाही, हार्ट रेट बघावा लागतो.

पण झोपेच्या ग्राफने पैसे वसूल केले. पोरगा 11 ला लाईट बंद करतो म्हणून आम्ही निवांत, आणि ग्राफमध्ये झोप लागलेली रोज दीड वाजता, उठायचं 6 ला, म्हणजे जेमतेम साडेचार तास, जिथे 8 ते 10 हवेत! झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, आणि टीनएजमध्ये झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन मुळात उशिराच तयार होतं त्यामुळे सगळा दोष पोराच्या आळसावर टाकणं चूक आहे, मीही तेच करत होते. आता रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, माझाही. पावणेअकराला झोपतो, आणि मध्यरात्रीचं कोल्ड्रिंक न ओरडता बंद झालं (एका 330 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते हो).

आता न आवडलेलं. अ‍ॅप बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मोठ्या माणसांच्या हिशोबाने दाखवतं. याचा 27.5, तर अ‍ॅप म्हणे ओव्हरवेट, पण मुलांचं वय आणि मुलगा-मुलगी बघून पर्सेंटाइल (त्याच वयाच्या 100 मुलांत हा कितवा) काढतात, त्यात तो 95 च्या वर, म्हणजे ओबेसिटीत. कॅलरीचा लाल आकडा तर फारच वाईट, तो बघून त्याने नाश्ता सोडायला सुरुवात केली, मी ते पान बंदच करून टाकलं. नुसतं निपचित पडून राहिलं तरी बँड कधीकधी झोप धरतो. घामाने पट्ट्याखाली पुरळ येतं. बॅटरी 8 दिवस जाते.

वजन 1 किलोच उतरलंय पण उंची 2 सेंमी वाढली, एचबीएवनसी 5.6 आलं, डॉक्टर खूश आहेत. घेणार असाल तर कॅलरी बंद करता येते का ते आधी बघा. 5 पैकी साडेतीन स्टार, तेही झोपेसाठी.