लायडार : विभागाचा स्वतःचा की सामायिक?

वातावरणशास्त्राच्या पदव्युत्तर विभागाला लायडारने, म्हणजे लेसरचे स्पंद सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून मोजमाप करणाऱ्या उपकरणाने, हवेचा वेध घ्यायचा असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात : एक छोटा सीलोमीटर (ढगांच्या तळाची उंची मोजणारा साधा लायडार) स्वतः विकत घेणे, किंवा तिरुपतीजवळील गादंकीच्या राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळेसारख्या संस्थेतील मोठ्या लायडारवर वेळ मागून घेणे.

सीलोमीटर साधारणपणे 910 नॅनोमीटरच्या आसपासचे, डोळ्यांना अपाय न करणारे अवरक्त स्पंद सोडतो. त्यामुळे तो गच्चीवर रात्रंदिवस चालू ठेवता येतो आणि विद्यार्थ्यांच्या हातीही देता येतो. 100 नॅनोसेकंदांनी परतलेला प्रकाश 15 मीटर उंचीवरून आला (जाऊन-येऊन 30 मीटर), हे गणित स्वतःच्या नोंदींवर केले की पक्के बसते. ऊन चढते तसा सीमास्तर (जमिनीलगतचा हवेचा थर) वर सरकतानाही दिसतो. मात्र या तरंगलांबीजवळ बाष्प प्रकाश शोषून घेते, म्हणून कोकणातल्या दमट हवेत एरोसोलचे (हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे) आकडे काढताना त्याची दुरुस्ती करावीच लागते.

गादंकीचा लायडार जपानच्या सहकार्याने 1998 मध्ये सुरू झाला. त्याच्या 532 नॅनोमीटरच्या हिरव्या किरणाने सुमारे 30 ते 80 किलोमीटर उंचीवरील तापमानही काढता येते, जे सीलोमीटरच्या आवाक्यात मुळीच नाही. पण त्यासाठी निरभ्र रात्र आणि प्रशिक्षित चालक हवा. महाराष्ट्रातील पहिले सत्र नेमके पावसाळ्यात सुरू होते आणि दाट ढगात लेसर थोड्याच अंतरात विरतो. त्यामुळे वेळ मागायची ती हिवाळ्यातली, आणि तीही बरीच आधी. सार्वजनिक निधीतून घेतलेली उपकरणे शोधण्यासाठी आय-स्टेम हे राष्ट्रीय संकेतस्थळ उपयोगी पडते.

संशोधनासाठी निर्णायक मुद्दा वेगळाच आहे. साध्या लायडारच्या एका समीकरणात विखुरणे आणि क्षीणन (वाटेत प्रकाश कमी होणे) अशा दोन अज्ञात राशी असतात, म्हणून त्यांचे गुणोत्तर गृहीत धरावे लागते. नायट्रोजनचा 607 नॅनोमीटरवरील रामन संकेत (रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश) टिपणारे उपकरण ही अडचण सोडवते. प्रबंध या गुणोत्तरावरच उभा असेल, तर सामायिक वापराला पर्याय नाही. शिकवण्यासाठी मात्र मी निःशंकपणे सीलोमीटरच घेईन.

दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक उपकरण घ्यावे आणि ते आळीपाळीने फिरवावे, ही कल्पना आकर्षक वाटते, पण प्रत्येक हलवाहलवीनंतर प्रकाशीय जुळणी तपासण्यात दिवस जातात. त्यापेक्षा ते एकाच गच्चीवर राहू द्यावे आणि करारात कच्चे संकेत, पार्श्वभूमीच्या नोंदी व अंशांकनाच्या (कॅलिब्रेशनच्या) फाइली सर्वांना मिळतील, असे स्पष्ट लिहून घ्यावे.