भांगेच्या अर्काची बाटली आणि बाबांचा आयएनआर

जानेवारी २०२२. पुण्यात ओमायक्रॉनची लाट होती, आमच्या सोसायटीत एकेक घर पॉझिटिव्ह होत होतं. बाबा ७१ वर्षांचे, हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह. माझा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली: ‘भांगेचा अर्क कोरोनाला पेशीत शिरूच देत नाही, अमेरिकेत सिद्ध!’ सोबत बातमीचं कात्रण.

कात्रण खरं होतं, तिथेच मी फसले. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या रिचर्ड व्हॅन ब्रीमेन यांच्या गटाचं हे संशोधन त्याच महिन्यात प्रसिद्ध झालं होतं. मी फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. “ताई, मी माझ्या आईलाही हेच देतो. सकाळ-संध्याकाळ पाच थेंब जिभेखाली. गुण नाही आला तर पैसे परत.” व्हॉल्व्हमुळे बाबांना वॉरफेरिन, म्हणजे रक्त सहज गोठू न देणारी गोळी, चालू आहे, हे मी आवर्जून सांगितलं. “आयुर्वेदिक आहे हो, साइड इफेक्ट नाहीच.” ३० मिलीच्या बाटलीचे ४,५०० रुपये मी तिथल्या तिथे भरले.

सतराव्या दिवशी सकाळी बेसिनमधलं पाणी गुलाबी झालं. बाबांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबेना. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली काळानिळा डाग. आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा आकडा, ४.८ आला, त्यांचा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. डॉक्टरांनी विचारलं, “नवीन काय सुरू केलंत?” मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. वॉरफेरिनचं विघटन यकृतातली जी एन्झाइम करतात, त्यांनाच या अर्कातलं सीबीडी अडवतं, त्यामुळे गोळीचा परिणाम वाढतो, असं त्यांनी समजावलं. अर्क बंद, गोळीही दोन दिवस बंद. ते दोन दिवस मी बाबांना जिनाही उतरू दिला नाही.

मग ते संशोधन नीट वाचलं. प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर होता, माणसांना काहीही दिलेलं नव्हतं. विषाणू ज्याच्या आधारे पेशीत शिरतो त्या स्पाइक प्रोटीनला चिकटणारे भांगेतले पदार्थ होते सीबीडीए आणि सीबीजीए. ते कच्च्या झाडात असतात. उष्णता लागली की सीबीडीएचं सीबीडी होतं. माझ्या बाटलीवर ‘सीबीडी’ लिहिलं होतं, खाली बारीक अक्षरात ‘उष्णतेने सक्रिय केलेला विजया अर्क’ (विजया म्हणजे भांग). एका ‘ए’चा फरक, म्हणजे पदार्थच वेगळा.

सीबीडीवरचंही काम होतं. शिकागो विद्यापीठात मार्शा रोसनर यांच्या गटाला दिसलं की सीबीडी पेशीतली विषाणूंविरुद्धची इंटरफेरॉनची यंत्रणा जागी करून विषाणूची वाढ रोखतं. पण तेही पेशींत आणि उंदरांत. ब्राझीलमध्ये सौम्य ते मध्यम कोविडच्या रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम, असं १४ दिवस देऊन पाहिलं, तरी आजारात फरक पडला नाही. बाटलीवरच्या आकड्यावरून मी हिशोब केला: बाबांना दिवसाला जेमतेम २५ मिलिग्रॅम मिळत होतं. शिवाय विजया अर्कात टीएचसी हा नशा आणणारा घटकही असतो, आणि तो रोगप्रतिकारक पेशींना उलट थंड पाडतो. लाट चालू असताना बाबांना मी हे पाजत होते.

पैसे परत मागितले तर आधी “बघतो ताई”, मग नंबर ब्लॉक. गेल्या महिन्यात तीच बाटली पुन्हा दिसली. नाव नवीन, पत्ता नवीन, दावा आता डेंग्यूचा, मजकूर मात्र शब्दशः तोच. दोन्ही जाहिराती, बिल आणि बाबांचे रिपोर्ट जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्या ग्रुपवर ही जाहिरात आली आणि घरात कुणी वॉरफेरिनवर असेल, तर ४,५०० रुपये भरण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.