इंडिया कोड, संकलन आणि ई-एससीआर: दहा महिने रोज वापरल्यावर

तालुका कोर्टात माझी बहुतेक कामं फौजदारी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि पंधरा वर्षं तोंडपाठ असलेली कलमं परकी झाली. ४२० चं ३१८(४), ३०२ चं १०३(१), हे महिन्याभरात जिभेवर बसलं. खरा घोळ ४८२ चा. जुन्या प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. बार रूममध्ये कुणी नुसतं 'चारशे ब्याऐंशी' म्हणालं, की 'जुनं का नवं?' विचारावंच लागतं.

त्यासाठी एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं) 'संकलन' ॲप घेतलं. जुनं कलम टाका, नवं शेजारी येतं. पुकारा व्हायच्या आधी दोन मिनिटांत खात्री करून घ्यायला याहून सोयीचं काही नाही. मात्र गुन्हा ३० जून २०२४ पर्यंतचा असेल तर भारतीय दंड संहिताच लागते, म्हणून जुनी पुस्तकं कपाटातून काढू नका. मी तर प्रत्येक फाइलवर गुन्ह्याची तारीख लाल पेनने लिहून ठेवते.

पण अर्जात कलम उतरवण्याआधी मूळ मजकूर इंडिया कोडवरच, म्हणजे सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावरच, वाचायचा, हा माझा आता नियम आहे. एका ट्रकचालकाचे वडील घाबरून आले होते: "ताई, पोराला दहा वर्षं होणार म्हणतात." अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, हे न्याय संहितेचं कलम १०६(२). याच्याच विरोधात जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला होता आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. मी पैसे भरून घेतलेल्या एका खासगी ॲपवर ते कलम सरळ लागू असल्यासारखं छापलेलं होतं. इंडिया कोडवर अंमलाच्या तारखेची तळटीप पाहिली: १ जुलै २०२४, १०६(२) वगळून. म्हणजे ते लागूच झालं नव्हतं. मग राजपत्रातली फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना काढून त्यांना दाखवली. म्हातारबाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. कायदा संमत होणं आणि अंमलात येणं यातलं अंतर माणसाच्या झोपेशी किती जोडलेलं असतं, ते त्या दिवशी दिसलं.

दुसरा फायदा पुराव्यात झाला. सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह दाखल करायचा होता आणि ज्युनिअरने सवयीने जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र टाइप केलं. साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४) उघडून आम्ही अनुसूचीपर्यंत खाली गेलो. तिथे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. नुसतं कलम वाचून थांबलो असतो तर हे हातून निसटलं असतं.

प्रमाणपत्र मुळात का लागतं, यासाठी जालन्याच्या निवडणूक वादातला अर्जुन खोतकर वि. कैलाश गोरंट्याल हा २०२० चा निकाल ई-एससीआरवर वाचला. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे अधिकृत वृत्तांत तिथे फुकट आहेत, आणि अधिकृत प्रत न्यायाधीशसाहेबांसमोर ठेवताना मनात धाकधूक राहत नाही. उच्च न्यायालयाचे निकाल वेगळीकडे शोधावे लागतात.

शासन निर्णयांचं म्हणाल, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या कुठल्याही जीआरवर मी विश्वास ठेवत नाही. शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहते. सापडला तरच अशिलाशी बोलते.

त्या खासगी ॲपची वर्गणी मार्चमध्ये संपली. पुन्हा भरली नाही. आता शनिवारी दुपारी ज्युनिअर आणि मी राजपत्र उघडून बसतो, अर्धा तास, चहा येईपर्यंत.