मोठ्या साउंड सिस्टमसाठी जास्त अँपिअरचा अल्टरनेटर घ्यावा की दुसरी बॅटरी?

गाडीत हजार वॅटचा अॅम्प्लिफायर बसवायचे ठरले की म्हापशापासून फोंड्यापर्यंत प्रत्येक दुकानात वेगळा सल्ला मिळतो. कोणी कपॅसिटर लावायला सांगतो, कोणी दुसरी बॅटरी, तर कोणी थेट अल्टरनेटर बदलायला सांगतो. निवड करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, ती म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करणारा घटक अल्टरनेटर हा एकच आहे. बॅटरी आणि कपॅसिटर ती फक्त साठवून ठेवतात.

आधी हिशेब मांडू. क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या अॅम्पची, म्हणजे अॅम्प्लिफायरची, कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर हजार वॅट देताना तो 14 व्होल्टवर जवळपास 90 अँपिअर ओढतो. मात्र संगीत सलग पूर्ण ताकदीने वाजत नसल्यामुळे सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 30 अँपिअरवर येते. पावसाळ्याच्या रात्री एसी, हेडलाइट, वायपर आणि रेडिएटरचा पंखा मिळून 40 अँपिअर सहज लागतात. लहान गाडीचा मूळ अल्टरनेटर 70 ते 90 अँपिअरचा असतो, म्हणजे कागदावर भागते. पण तो आकडा वेगात फिरतानाचा असतो आणि आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद फिरत असताना, त्याच्या निम्मेच हाती येते. म्हणून चोर्ला घाटात जी सिस्टम बिनतक्रार वाजते, तीच पर्वरीच्या कोंडीत उभी राहिली की बॅटरी खाऊ लागते.

तरीही पैसे खर्च करण्याआधी वायरिंग तपासावे, असा माझा आग्रह आहे. माझ्या गाडीतला अॅम्प बासच्या जोरावर प्रोटेक्टमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवण्याच्या स्थितीत, जाऊन बंद पडायचा आणि बसवून देणाऱ्याने अल्टरनेटर कमी पडतो असे ठामपणे सांगितले होते. मल्टीमीटर लावला तेव्हा बॅटरीवर 14.1 आणि अॅम्पच्या टर्मिनलवर 12.7 व्होल्ट दिसले. डिकीतल्या गालिच्याखाली अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता आणि त्याच्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. पत्रा घासून चकचकीत केला, नवा लग दाबून बसवला, वर ग्रीस लावले, आणि अॅम्पवर 13.8 व्होल्ट मिळू लागले. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष पुन्हा उद्भवतो, त्यामुळे तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर इथे घेऊच नये. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन वायरी शुद्ध तांब्याच्या व जाड केल्या, तर मध्यम सिस्टमचे काम बहुधा तिथेच होते.

कपॅसिटरवर फार वेळ घालवायला नको. एक फॅरडचा कपॅसिटर 14 वरून 12 व्होल्टवर उतरेपर्यंत 26 ज्यूल ऊर्जा देतो, म्हणजे हजार वॅटसाठी सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग.

दुसरी बॅटरी उपयोगी ठरते ती इंजिन बंद ठेवून ऐकणाऱ्याला. 60 अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटली, तर 30 अँपिअरवर साधारण तासभर साथ मिळते. पण ती उतरलेली बॅटरी पुन्हा भरायची जबाबदारी त्याच मूळ अल्टरनेटरवर पडते, हे विसरता कामा नये. डिकीत ठेवायची असेल तर बंदिस्त एजीएम प्रकारचीच (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) घ्यावी आणि मधे इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर बसवावा.

जास्त अँपिअरचा अल्टरनेटर हा गाडी चालवताना तासन्‌तास मोठ्या आवाजात ऐकणाऱ्यासाठी खरा उपाय आहे. विकत घेताना कमाल आकड्यापेक्षा आयडलवर, तोही तापलेल्या अवस्थेत, किती अँपिअर मिळतात ते विचारावे. जुन्याच अल्टरनेटरला जाड तारेचे कमी वेढे देऊन रिवाइंडिंग केले तर वरचा आकडा वाढतो, पण आयडलवरचा उलट घटतो, आणि आपली अडचण तर तिथेच असते. 100 अँपिअर देताना तो इंजिनाकडून तीन अश्वशक्तीहून अधिक घेतो, हे लहान इंजिनाला चढावर जाणवते. नव्या अल्टरनेटरसोबत चार्जिंगची वायर व तिचा फ्युजही त्या प्रमाणात बदलावा लागतो. मूळ बारीक वायर तशीच ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. ज्या गाडीत स्टार्टर आणि जनरेटर एकत्र आहेत किंवा चार्जिंग ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, ताब्यात आहे, तिथे अल्टरनेटर बदलण्याच्या फंदात पडू नये आणि अॅम्पच लहान ठेवावा.

निर्णयासाठी रात्री इंजिन आयडलवर ठेवून एसी आणि हेडलाइट चालू करावेत, नेहमीच्या आवाजात दहा मिनिटे गाणी लावावीत आणि मल्टीमीटर थेट बॅटरीवर धरावा. साध्या चार्जिंगच्या गाडीत काटा 13.5 च्या वर टिकला तर वायरिंगवरच थांबावे, तो 12.6 च्या खाली सरकत राहिला, तर अल्टरनेटरचे पैसे बाजूला काढावेत.