पैसे पाण्यात: टीडीएसवाल्याने आम्हाला कसं गंडवलं

पाणी शुद्ध करायच्या बनावट मशीनपायी साडेअठरा हजार रुपये गेले. लिहून ते परत येणार नाहीत, हे नवऱ्याने मला तीनदा ऐकवलंय. पण ते विकणारी माणसं पुण्यात सिंहगड रोडवर अजून फिरतायत असं परवा भाजी घेताना कानावर आलं, म्हणून लिहायला बसले.

2025 चा फेब्रुवारी. जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ जानेवारीतच सुरू झाली होती आणि किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी ही नावं रोज पेपरात होती. आमच्या घरापासून सगळं स्कूटीवर दहा मिनिटांच्या आत. दूषित पाण्याचा संशय असल्यामुळे प्रत्येक घरात एकच विषय होता, पाणी. कोणी जार लावले, कोणी बाटल्यांची खोकी आणली. पुढे महापालिकेने त्याच पट्ट्यातले काही खाजगी आरओ प्रकल्प (पाण्यातले क्षार गाळून काढणारे) सील केले, तेव्हा जारवालेही हवालदिल झाले.

अशा दिवसांत वॉचमनने इंटरकॉम केला, "मॅडम, पाणी तपासणीवाले आलेत." मला वाटलं महापालिकेचे. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आले. आपण महापालिकेचे आहोत असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, हे मला नंतर आठवलं. मी विचारलंही नव्हतं.

इथे थोडं मागे जाते, कारण माझा शहाणपणा तिथूनच सुरू होतो. आम्ही सहा वर्षं जर्मनीत, म्युनिकला होतो. गेल्या गेल्या पुणेरी सवयीने मी बाटल्याच आणायची. सहा बाटल्यांचा गठ्ठा तीन मजले चढवायचा आणि रिकाम्या झाल्या की त्याच परत दुकानातल्या मशीनमध्ये टाकून बाटलीमागे 25 सेंट अनामत सोडवून आणायची. वर किटलीच्या तळाशी पांढरा थर बसायचा, तो बघून नळाचं पाणी प्यायची हिंमत होत नव्हती. शेवटी नागपूरची एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तो चुना आहे. इथले लोक तान्ह्या बाळालाही नळाचंच देतात." आल्प्सच्या पायथ्याकडून, मांगफाल खोऱ्यातून ते पाणी येतं. चुनखडीच्या जमिनीतून येतं म्हणून जड असतं, एवढंच. त्यानंतर बाटल्या बंद. परत आल्यावर मी पुण्यातल्या पाहुण्यांना हे कौतुकाने सांगायचे की आम्ही बाई सरळ नळाचं प्यायचो.

आणि तरीही मी फसले.

दोघांपैकी बोलका होता त्याने पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर काढलं, नळाच्या पाण्यात बुडवलं. 84. त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. 11. "मॅडम, लहान मुलाला 50 च्या वर द्यायचं नसतं." सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, खडकवासल्याचं पाणी आहे. उकळून, फडक्याने गाळून पितो आम्ही." त्यावर तो इतक्या नम्रपणे बोलला की आजही राग येतो. "बरोबर आहे काकू. उकळल्यावर जंतू मरतात. पण मेलेले जंतू पाण्यातच राहतात ना?"

मग त्याने पेटीतून एक यंत्र काढलं. खाली धातूच्या चार कांड्या लोंबणारं. डायनिंग टेबलावर दोन ग्लास, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्यांचं. दोन्हीत कांड्या सोडून बटण दाबलं. मिनिटभरात आमचा ग्लास हिरवट झाला, मग तपकिरी, वर फेस आणि खाली गाळ. त्यांचा ग्लास जसाच्या तसा. माझा सात वर्षांचा मुलगा "ई आई, हे आपण पितो?" म्हणाला आणि तिथेच सौदा झाला. जाहिरातीवर एवढा खर्च करणाऱ्या कंपन्यांना जे जमत नाही, ते माझ्याच पोराने फुकटात करून दिलं.

त्यांच्या आरओ मशीनची किंमत 24,500. आजच्या आज घेतलं तर 20,000. सासऱ्यांनी घेतलेला जुना यूव्हीवाला (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर दिला तर त्याचे 1,500 वजा. यूपीआयने पैसे गेले ते कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर. "आमच्या साहेबांचं खातं आहे, मॅडम." तासाभरात मशीन भिंतीवर. आत निळा दिवा लागायचा, फार छान दिसायचं.

आता त्या ग्लासाबद्दल. ही जादू मला नंतर कळली, पण खरं तर नववी-दहावीचं रसायनशास्त्र आहे. त्या कांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते, कांडीतलं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा हिरवट-तपकिरी गंज तयार होतो. म्हणजे टेबलावर दिसलेली घाण आमच्या पाण्यातली नव्हतीच, त्याच्या कांडीतली होती. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मी घरी करून बघितलं: आरओचंच पाणी, चिमूटभर मीठ, दोन खिळे, नऊ व्होल्टची बॅटरी. थोड्या वेळात तोच चिखल. कोणी घरी येऊन हा खेळ दाखवायला लागला, तर त्याच्या स्वच्छ ग्लासात मीठ टाका आणि बटण पुन्हा दाबायला सांगा.

मीटरचं म्हणाल तर ते खोटं बोलत नव्हतं, माणूस बोलत होता. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत ते खुशाल चालतात, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत. 50 ची मर्यादा कुठेच नाही. आपलं धरणांचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेल्या पावसाचं, त्यात क्षार मुळातच कमी. म्युनिकच्या त्याच मैत्रिणीला मी नळाचं पाणी मोजायला सांगितलं, तर 300 च्या वर निघालं. आणि तिथे हौसेने विकत घेतात त्या गेरोलस्टाइनर या मिनरल वॉटरच्या बाटलीत लिटरमागे सुमारे 2,500 मिलिग्रॅम खनिजं असतात, तीच तिची जाहिरात. आमच्या या साहेबांचं मीटर त्यात बुडवलं असतं तर त्यांनी ॲम्ब्युलन्सच बोलावली असती. सहा वर्षं हे सगळं पिऊन आलेली बाई मी, 84 आकडा बघून घाबरले.

ज्याची खरी भीती होती, ते जंतू मात्र टीडीएस मीटरला दिसतच नाहीत. मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये. मीटरवर 11 दाखवणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात. त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते, मिनिटात तर नक्कीच होत नाही. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको अशी भूमिका घेतली होती, ती पाण्याच्या नासाडीमुळे. ती नासाडी मी रोज बघत होते. एक लिटर चांगलं पाणी मिळेपर्यंत बादलीत तीन लिटर वाया. फरशी पुसून पुसून किती पुसणार? बोअर किंवा टँकरचं खारं पाणी असलेल्यांचं वेगळं, त्यांना आरओ लागू शकतो. आम्हाला नव्हता लागत.

जूनमध्ये मशीन गळायला लागलं. बिलावरचा नंबर बंद. कॅबिनेटवर ज्या कंपनीचं नाव होतं त्यांच्या हेल्पलाइनला सिरियल नंबर सांगितला, तो त्यांचा नव्हताच. शेवटी गल्लीतल्या फिल्टर दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी झाकण काढलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, यूव्ही दिवा आहेच कुठे? हा नुसता निळा एलईडी आहे." पाण्यात खनिजं घालणाऱ्या मिनरल कार्ट्रिजमध्ये फक्त खडे. जंतूंवर चालणारा खरा दिवा होता तो सासऱ्यांच्या जुन्या फिल्टरमध्ये, आणि तो आम्ही दीड हजाराला देऊन टाकला होता. सासूबाईंनी एक शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पातेलं पुन्हा गॅसवर चढलं.

तक्रारीचं सांगते. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. चौकीत अर्ज घेतला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, नोंद केली. पण तक्रार कोणाविरुद्ध, इथेच गाडी अडते. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर भलत्याच जिल्ह्यातलं कापडाचं दुकान निघालं. हे शोधायला मला अर्धं मिनिट लागलं. पैसे देण्याआधी ते अर्धं मिनिट माझ्याकडे होतं, पण मी तेव्हा त्या माणसांसाठी चहा टाकत होते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे उभं राहून सांगितलं, तेव्हा समोर बरीच शांतता पसरली. नंतर लिफ्टपाशी एकेक जण येऊन हळूच बोलायला लागलं. आमच्याच बिल्डिंगमधली आणखी तीन घरं निघाली, त्यातल्या दोघांनी अजून घरच्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे तो निळा दिवा रोज लागतो.