ओका, उयुको आणि माशुआ : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

ओका, उयुको आणि माशुआ ही दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतली तीन कंदपिके. गेल्या मार्चमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ओकाचे दहा, उयुकोचे सहा आणि माशुआचे चार कंद मागवले होते. वेल्समध्ये कार्डिफजवळ भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात ते लावले, काढले आणि शिजवून खाल्ले. आता जानेवारी चालू आहे, तेव्हा पुढचे सारे एका पुऱ्या हंगामाच्या जोरावर लिहीत आहे. उयुकोचे दोन कंद पार्सलमध्येच सडलेले निघाले आणि विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, एवढी तक्रार नोंदवून पुढे जाते.

ओकाचे रोप मराठी माणसाला परके वाटत नाही, कारण पान थेट आंबुशीचे आहे: तीन हृदयाकार दले, रात्री मिटणारी, चावली तर आंबट. ओका आणि आंबुशी दोन्ही ऑक्झॅलिस या एकाच प्रजातीतल्या वनस्पती आहेत. पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतराजीत, तीन ते चार हजार मीटर उंचीवर, बटाट्याच्या खालोखाल हाच कंद लावला जातो. मी एप्रिलमध्ये कंद कुंडीत रुजवले आणि मेच्या मध्याला बाहेर लावले. उन्हाळाभर झाडे गुडघ्यापर्यंत फोफावली, गोगलगायींनी थोडीफार पाने कुरतडली, बटाट्याला करपा आला तरी ओकाला काही झाले नाही. आणि मातीखाली तोवर काहीच नव्हते.

यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय हे पीक कोणी लावू नये. ओकाच्या मुलखातले, पेरूमधले कुस्को शहर विषुववृत्तापासून साडेतेरा अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथला दिवस वर्षभर बारा तासांच्या थोडा मागेपुढे असतो. ओकाला कंद धरायला बारा तासांपेक्षा लहान दिवस लागतो. वेल्समध्ये तसा दिवस सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गोठवणारी थंडी येऊन पाला मारते. झाडाला मिळते ती एवढीच फट. वीस ऑक्टोबरला राहवले नाही म्हणून एक झाड उपटले, तर हरभऱ्याएवढे सात-आठ दाणे हाती लागले आणि ते झाड फुकट गेले. उरलेल्यांवर रोज संध्याकाळी पातळ पांढरे कापड घातले. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी पाला काळा पडलेला दिसला, तरीही आणखी तीन आठवडे हात लावला नाही, कारण मरत्या देठांतला उरलासुरला साठा तेवढ्या काळात कंदांत उतरतो. सहा डिसेंबरला नऊ झाडांखाली तीन किलो चारशे ग्रॅम ओका मिळाला: गुलाबी, मेणचट, वळ्यावळ्यांचा, पहिल्या नजरेला गलेलठ्ठ हुमणीसारखा. वळ्यांतली माती काढायला जुना टूथब्रश लागतो. साल मात्र काढावी लागत नाही.

ताजा ओका लिंबू पिळल्यासारखा आंबट लागतो. अँडीजमध्ये तो काही दिवस उन्हात ठेवून गोड करतात. वेल्समधल्या डिसेंबरच्या उन्हावर फारसा विश्वास नव्हता, तरी दहा दिवस खिडकीत ठेवल्यावर आंबटपणा निम्म्याने उतरला. सर्वांत चांगल्या झाल्या त्या काचऱ्या: मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मीठ, आणि झाकण न घालता परतणे, झाकले की दहा मिनिटांत लगदा होतो. कच्च्या चकत्यांची दाण्याचे कूट आणि दही घालून केलेली कोशिंबीरही उत्तम लागते. यात ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावा. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो उपवासाला चालेल का, हा. बटाटा, रताळे आणि साबुदाण्याचा कसावा ही सारी अमेरिका खंडातली मंडळी उपवासाच्या ताटात केव्हाच बसली आहेत, असे मी सांगून पाहिले. निर्णय अजून राखून ठेवलेला आहे.

उयुकोने निराश केले. चार झाडांचे मिळून एकशे ऐंशी ग्रॅम कंद. रंग विलक्षण, पिवळ्यावर किरमिजी ठिपके, पण चव बिटासारखी मातकट आणि कितीही उकडले तरी आत कच्चेपणाची कुरकुर. त्याची पाने मात्र जमेची बाजू ठरली. उयुको मायाळूच्या कुळातला असून पानांना तोच बुळबुळीतपणा आहे, त्यामुळे तुरीची डाळ, चिंच आणि गूळ घालून त्यांची भाजी तीनदा केली आणि तीनदा संपली.

माशुआ ही बागेतल्या नॅस्टर्शियम या फुलझाडाची बहीण. कुंपणावर वेल सुरेख चढतो, ऑक्टोबरात नारिंगी फुले येतात, पीकही ढिगाने येते. अडचण खाण्याची आहे. कच्चा कंद मोहरीसारखा नाकात चढतो, आणि शिजवल्यावर जी अत्तरासारखी चव उरते ती मला सोसली नाही. सतराव्या शतकातील बर्नाबे कोबो या पाद्र्याने लिहून ठेवले आहे की, सैनिकांना बायकांची आठवण येऊ नये म्हणून अँडीजमधले जुने इंका राजे फौजेबरोबर माशुआ पाठवत. आमच्या घरी यजमानांनी दोन कंद खाऊन तिसरा बाजूला सारला, त्यामुळे त्या दाव्याची परीक्षा अपुरीच राहिली.

यंदा माशुआ फक्त फुलांसाठी एक, उयुको पानांसाठी दोन, आणि बाकी सगळी जागा ओकाला. त्यासाठी चाळीस कंद पुठ्ठ्याच्या खोक्यात, शेडमध्ये, उंदरांपासून वाचवून ठेवले आहेत. पैकी तीन काल काचऱ्यांत गेले.