मिल्किंग मशीन धुवायला काय घ्यावं: भांड्यांची पावडर, धुण्याचा सोडा की डेअरीचं अल्कली-ॲसिड?

पाच-दहा गाईंच्या गोठ्यात बकेट मशीन (व्हॅक्यूमने दूध ओढून थेट बादलीत जमा करणारं) आलं की प्रश्न पडतोच: घरातल्या पावडरीने भागत असेल तर वेगळ्या केमिकलवर खर्च कशाला? मशीनला काय चिकटतं आणि तुमचं पाणी कसं आहे, यावर उत्तर ठरतं. दुधातली साखर साध्या पाण्याने जाते. स्निग्धांश आणि प्रथिनं सुटायला गरम अल्कली लागते. कॅल्शियमचा थर निघतो तो ॲसिडनेच.

भांड्यांची पावडर आमच्या मते बादच. व्हॅक्यूमने पाणी ओढून धुताना तिचा फेस झाकणातून नळीत आणि तिथून पंपाकडे जातो. तिच्यातली खरखरीत भुकटी लायनरच्या, म्हणजे सडावर चढणाऱ्या नळीच्या, रबराला बारीक चरे पाडते. त्या चऱ्यांत दूध साठतं आणि जंतू वाढतात.

धुण्याचा सोडा सगळ्यांत स्वस्त. फेस होत नाही, चिकटपणाही बऱ्यापैकी निघतो. अडतं ते बोअरच्या जड पाण्यात. पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून सोडा खडूसारखा साका तयार करतो आणि तोच स्टीलवर बसतो, म्हणजे धुता धुता थर वाढतो. पाणी मऊ असेल आणि दोन्ही वेळा प्रत्येक भाग सुटा करून ब्रश घालणार असाल, तर सोडा चालेल. आठवड्यातून एकदा ॲसिड मात्र तरीही लागेल. बकेट ॲल्युमिनियमची असेल तर सोडा काय आणि अल्कली काय, दोन्ही तिला खातात.

डेअरीच्या अल्कलीत पाण्याचा जडपणा आवरणारे घटक असतात, बऱ्याच उत्पादनांत प्रथिनं तोडणारं क्लोरीनही असतं. महाग आहे, पण जड पाण्यावर दुसरा खात्रीचा पर्याय नाही. मात्र लेबलवरचं प्रमाण मोजूनच घाला, मुठीने नको. आणि पाणी तापवायची सोय नसेल तर तेही पैसे वायाच.

धार संपताच ३५ ते ४५ अंशांचं कोमट पाणी ओढा, ते नितळ येईपर्यंत. पहिलंच पाणी कढत घेतलं तर प्रथिनं शिजून चिकटतात, गार घेतलं तर स्निग्धांश थिजतो. मग ७० अंशांच्या आसपास अल्कली, ८ ते १० मिनिटं. मधून मधून क्लस्टर (सडांना लावायचा चार कपांचा संच) पाण्याबाहेर उचला, म्हणजे हवा आत शिरून पाणी खळबळतं आणि नळी घासली जाते. सगळ्यांत जास्त चूक इथेच होते: थंडीच्या पहाटे पाणी भराभर निवतं आणि ४० अंशांखाली गेलं की सुटलेला स्निग्धांश परत बसतो. त्याआधीच द्रावण टाकून द्यायला हवं. पल्सेटर (लायनरची उघडझाप करणारा भाग) पाण्यात बुडवायचा नाही.

ॲसिड मऊ पाण्याला आठवड्यातून एकदा, जड पाण्याला एक दिवसाआड किंवा रोज. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, म्हणून दोन्हींच्या मध्ये साध्या पाण्याने खळबळून घेणं टाळू नका. पुढच्या धारेआधी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला ४ मिली, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग), फिरवा आणि भाग पूर्ण निथळू द्या.

काय कमी पडतंय हे थर पाहून कळतं. बोटाला तुपकट लागलं तर पाणी पुरेसं गरम नव्हतं. निळसर, इंद्रधनुषी झाक दिसली तर प्रथिनं राहिली. पांढरा खडबडीत थर म्हणजे ॲसिड कमी पडतंय.

क्लॉ, म्हणजे चारही कपांचं दूध जिथे एकत्र येतं तो भाग, त्याच्यावरचं हवेचं बारीक भोकही सुईने मोकळं ठेवा. ते बुजलं की दूध क्लॉमध्येच तुंबतं. रबराचा लायनर साधारण २,५०० धारांपर्यंत टिकतो. एका क्लस्टरवर १० गाई दोन वेळा, म्हणजे रोज २० धारा, हा आकडा १२५ दिवसांत भरतो. पुढे रबर आतून चिरतं, आणि त्या चिरांत अल्कली पोचत नाही, ॲसिडही नाही.